शून्याची टक्केवारी

हनीफभाई गेला तेव्हा मी नांदगाव पेठेत, आमच्या कंपनीच्या हॉलमध्ये, पुरवठादारांना धूर कमी कसा करायचा ते शिकवत होते. हातात माईक, मागं पडद्यावर रंगीत आलेख. टेबलावर फोन थरथरत होता, दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर त्याची बायको, शमीमभाभी. म्हणाली, "जोत्सना, गेले तुहे भाई." बस, एवढंच. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि राहिलेलं भाषण पूर्ण केलं. हे मुद्दाम सांगतेय. माणूस गेल्यावर लिहिताना स्वतःला फार हळवं दाखवायची आपल्याकडं पद्धत आहे. मी हळवी वगैरे झाले नव्हते. मला भीती वाटत होती... मधेच थांबले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तो कसा गेला म्हणून.

तेल्हाऱ्याला आमची घरं एकाच भिंतीला लागून. त्याचा बाप सूत रंगवायचा, माझा बाप शाळेत शिपाई. हनीफभाई माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आणि तो मोठेपणा त्यानं माझ्याकडून पुरेपूर वसूल केला. अकोल्याला माझी इंजिनिअरिंगची परीक्षा होती, तेव्हा आपल्या खटाऱ्या लुनावर मला घेऊन गेला आणि वाटभर छळत राहिला. "नापास झाली तं सांगजो, माह्याइथं सूत वाळवाले बाई पायजेच आहे." मी चिडून पेपर चांगला लिहिला. पुढं त्यानं अमरावतीत वलगाव रस्त्याला स्वतःचा रंगाईचा कारखाना टाकला. अकरा माणसं, चार हौद आणि एक जुनाट बॉयलर. मी त्याच्या आधीच कंपनीत लागले होते. आमच्या कापडाचं सूत तो रंगवू लागला, आणि हळूहळू दुसरी कामं सोडून फक्त आमचंच करू लागला.

त्याचा बॉयलर चाले पऱ्हाटीवर. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात, ती. बहुतेक जण ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रचून काडी लावून देतात. हनीफभाई ट्रॉल्या भरभरून घेऊन यायचा. बोंडअळीनं पीक खाल्लं की लोक वैतागून दिवाळीआधीच उभं रान उपटत, आणि मग त्याच्या आवारात पऱ्हाटीचे डोंगर लागत. त्याला त्याचंही वाईट वाटे. म्हणे, "ज्या वर्षी कास्तकार रडते, त्या वर्षी माहा बॉयलर हसते. थू अशा धंद्याले!" आणि लगेच आलेल्या माणसाला बसवून चहा पाजे.

मग आमच्या कंपनीला पर्यावरणाचा पुळका आला. परदेशातल्या गिऱ्हाइकांनी विचारलं असणार. फर्मान निघालं की प्रत्येक पुरवठादारानं आपला कार्बन किती टक्के कमी केला ते दाखवायचं. दाखवला तर नावापुढं हिरवा रंग. नाही दाखवला तर लाल, आणि लालवाल्याला पुढल्या हंगामापासून काम बंद. हे राबवायचं काम माझ्याकडं. मी लॅपटॉप घेऊन हनीफभाईच्या टिनाच्या ऑफिसात बसले. फॉर्मात कार्बन म्हणजे फक्त कोळसा धरायचा. गेल्या वर्षी कोळसा किती जाळला? शून्य. त्याच्या आधी? "अवं शून्यच. बाप होता तवापासून पऱ्हाटीच जाळून राहिलो ना आमी." मी आकडे टाकले आणि नाव लाल झालं. परत टाकले, परत लाल. शून्यातून काय कमी होणार? शून्याची टक्केवारी निघत नाही. त्याच्या शेजारचा कारखाना ट्रकनं कोळसा जाळायचा, त्यानं चार ट्रक कमी केले आणि तो हिरवा. हनीफभाई आधी पोट धरून हसला. म्हणाला, "म्हंजे ज्यानं दारू सोडली त्याचा सत्कार, अन ज्यानं कधी चाखलीच नाई त्याले हाकला? वा रे वा!" मग त्याची नजर बाहेर गेली. तिथं त्याची माणसं सूत पिळत होती. हसणं थांबलं. "हे काम गेलं तं मी या माणसायले काय सांगू, जोत्सना?"

मी वर लिहिलं. तीनदा लिहिलं. उत्तर आलं की पद्धत सगळ्यांना सारखी आहे. तेव्हा मी माझी अक्कल चालवली. मला माझ्या अकलेचा तेव्हा फार अभिमान होता. मी म्हटलं, "भाई, एक हंगाम कोळसा जाळ. तो आपण पाया धरू. मग ये परत पऱ्हाटीवर. सगळा कोळसा कमी झालेला दिसेल, तू हिरवा." तो म्हणाला, "बयताड झाली का तू? धूर कमी कराले आधी धूर कराचा?" मी म्हटलं, कागदाला अक्कल नसते, आपल्याला असते. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "तू म्हणून राहिली म्हणून मांगवतो. नाई तं माहा बाप कबरीतून उठून येईन." कोळसा आला. पऱ्हाटीच्या ट्रॉल्या फाटकावरून परत गेल्या, आणि लोकांनी ती पऱ्हाटी धुऱ्यावर जाळून टाकली. वलगाव रस्त्यानं जाताना तो धूर मला दिसला होता. मी गाडीची काच वर केली.

आता तो कसा गेला ते सांगते. पऱ्हाटी भसकन पेटते आणि लवकर बसते. म्हणून भट्टीचं दार उघडण्याआधी धुराड्याची झडप लावून घ्यायची, म्हणजे आतली ऊब वर निघून जात नाही. ही हनीफभाईची तीस वर्षांची सवय, बापाकडून आलेली. कोळशाला हे चालत नाही. त्यातून चुरी, कोळशाचा बारीक भुगा, असेल तर मुळीच नाही. झडप लावली की आत वायू कोंडतो आणि दार उघडलं की आग बाहेर झेपावते. माणसं कोळशाला घाबरत, म्हणून तो स्वतःच भट्टीपुढं उभा राहायचा. हंगाम संपत आला होता, ढिगाच्या तळाची चुरी तेवढी राहिली होती. भर दुपारी त्यानं सवयीनं झडप लावली आणि दार उघडलं. हे असं होतं, ते मला ठाऊक होतं. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मी त्याला फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं, झडपेचं सांगितलं नाही. आठवलंच नाही मला. माझं सगळं लक्ष आकड्यांवर होतं.

दवाखान्यात तो पाच दिवस होता. चौथ्या दिवशी मला आत सोडलं. तोंडाला पट्ट्या, फक्त ओठ उघडे. मी बोलायच्या आधीच त्यानं विचारलं, "जोत्सना... ते झडपीचं... तुले मालूम होतं का?"

मी म्हटलं, "नाही रे भाई."

"मंग ठीक आहे," तो म्हणाला. "मालूम असतं तं तू सांगतलंच असतं."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

कारखाना तेव्हापासून बंद आहे. अकरातली सात माणसं शेजारच्या हिरव्या कारखान्यात लागली, चौघं घरी आहेत. चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी भाभीनं मला बोलावून घेतलं. हनीफभाईच्या फोनवर कंपनीचा कागद आला होता, इंग्रजीत, वर हिरवी पट्टी. कारखाना बंद, म्हणून महिन्याचा कोळसा शून्य. आणि या वेळी शून्य चाललं, कारण पाया होता. कार्बन शंभर टक्के कमी केल्याबद्दल अभिनंदन. मालकाचा एक हसरा फोटो पाठवावा. मी भाभीला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "शून्य तं पयलेपासूनच होतं ना?" मी हो म्हटलं. तिनं फोन जवळ घेतला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिला इंग्रजी येत नाही, पण माझ्या लग्नाची इंग्रजी पत्रिका तिच्याकडं आहे, त्यावरचं माझं नाव तिच्या ओळखीचं. "हे तुहं नाव आहे न? काय लिवलं त्याच्यापुढं?"

"मार्गदर्शन," मी म्हटलं.

आणि मग मी तिला झडपेचं सांगितलं. मला माहीत होतं, हे. आणि मी त्याच्याशी खोटं बोलले, हेही. ती रडली नाही, ओरडली नाही, मला एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माझ्यापुढं तिनंच आणून ठेवलेला चहा होता, अर्धा प्यायलेला. तिनं तो कप उचलला आणि आत गेली. मी बराच वेळ बसून होते. ती बाहेर आली नाही.