पिवळ्यांचा गोल आणि आमचे भावोजी

नैरोबीतल्या आमच्या कालोलेनी वसाहतीत कुणी खरेपणाचा विषय काढला की लोक अजूनही आमच्या भावोजींचं नाव घेतात. मास्तर घेतात, पाद्री घेतात, निवडणुकीला उभे राहिलेले तर घेतातच. मी टपरीत चहा गाळत ऐकत असते. एखादा माझ्याकडे वळून म्हणतो, "रोझलिदा, भाग्यवान बाई तू. असा माणूस तुझ्या घरात!"

मी विचारते, "साखर किती घालू?"

झाब्लोन लिहांडा माझ्या थोरल्या बहिणीचा, पेरिसचा नवरा. नोकरी पावाच्या बेकरीत. दारावर उभं राहून कामगारांची हजेरी घ्यायची. शनिवार-रविवार मात्र ते फुटबॉलचे लाइन्समन, कडेने झेंडा घेऊन पळणारे. रेफरी व्हायची परीक्षाही दिली होती त्यांनी, पण तोंडी परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला "साहेब म्हणतील तसं" एवढंच उत्तर दिलं म्हणे. हे त्यांचे सोबतीच सांगायचे, त्यामुळे खोटं नसावं.

सामन्याच्या दिवशी पेरिसने सकाळी उठून कोळशाच्या इस्त्रीने त्यांची काळी अर्धी चड्डी कडक करायची. ती घालून, झेंडा वर्तमानपत्रात गुंडाळून, त्याचं टोक मुद्दाम बाहेर ठेवून ते मटाटूच्या छोट्या बसमध्ये चढायचे. कुणीतरी विचारावं म्हणून. कुणी नाहीच विचारलं, तर शेजारच्याच्या बरगडीत टोक खुपसून "माफ करा हं, झेंडा आहे" म्हणायचे.

आणि तो झेंडा काय वर जायचा! आधी भावोजी मैदानाभोवती नजर फिरवायचे. कुठल्या बाजूचे लोक जास्त, कोणाच्या हातात दगड, कोणाचा साहेब खुर्चीवर बसलाय. मग हात. बेकरीच्या मालकाचा एक संघ होता. त्याचा एकही खेळाडू भावोजींच्या बाजूला कधी ऑफसाइड झाला नाही. चेंडू यायच्या आधी गोलकीपरशी गप्पा मारत उभा असला, तरी नाही.

मग एका वर्षी सगळ्या आफ्रिकेचे खेळ नैरोबीत आले. शहराला चुना फासला, रस्त्याकडेच्या टपऱ्या मागे हटवल्या. माझीही गटाराच्या पलीकडे गेली. पण फुटबॉलमध्ये आपली पोरं एकेक संघ हरवत फायनलला पोचली, आणि गटाराचं दुःख कुणाला राहिलं नाही. दुसऱ्या सेमीफायनलमध्ये दोन पाहुणे देश होते. नावं मी घेणार नाही, त्यांची माणसं अजून माझ्याकडे जेवायला येतात. एकांचे कपडे पिवळे, दुसऱ्यांचे पांढरे. पिवळे वाऱ्यासारखे पळायचे. पांढरे बरे होते, एवढंच. आपल्याला फायनलला पांढरे मिळावेत, ही प्रार्थना तेव्हा चर्चमध्येसुद्धा झाली.

त्या सामन्याच्या एका परदेशी लाइन्समनचं पोट बिघडलं. आदल्या दिवशी दुपारी म्वाकिओ नावाचा मोठा माणूस गाडी घेऊन आमच्या गल्लीत आला. अशा नेमणुका त्याच्या हातात असायच्या. भावोजी माझ्याच टपरीत बसले होते. ते इतक्या झटक्यात उठले की बाक उलटला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला म्हातारा खाली पडला. म्हाताऱ्याला मी उचललं. भावोजी साहेबांसाठी खुर्ची पुसत होते.

म्वाकिओने चपाती आणि राजमा मागवला. खाता खाता म्हणाला, "लिहांडा, उद्या लाइनवर तू."

"मी, साहेब? एवढ्या मोठ्या सामन्याला?"

"का, भीती वाटते?"

"छे छे, साहेब!"

"पिवळे फार पळतात. पळणारा माणूस कधीकधी पुढे निघून जातो. तू डोळे उघडे ठेव."

"किती उघडे ठेवू, साहेब?"

म्वाकिओने हात पुसला, भावोजींच्या खांद्यावर ठेवला आणि हसून म्हणाला, "फायनलला आपल्याला पांढरे दिसतील इतके."

गाडी गेली. भावोजी खांदा जरा वाकडा करूनच उभे होते, हात अजून तिथेच असल्यासारखा.

मी म्हटलं, "भावोजी, हे तुम्ही करणार?"

"यात करायचं काय आहे? डोळे उघडे ठेवायचे."

"आणि पिवळे मागेच राहिले तर?"

"राहू देत की. झेंडा माझ्या हातात असणार, त्यांच्या नाही."

"लाज नाही वाटत?"

"तू चपात्या लाट गं," ते म्हणाले. "देशाचं काम आहे हे. तुला नाही कळणार."

दुसऱ्या दिवशी मी आणि पेरिस कासारानीच्या स्टेडियमला गेलो. भावोजींमुळे जागा अगदी पुढची मिळाली होती. ते आमच्यासमोरूनच पळायचे. पळायचे म्हणजे पावावर वाढलेलं पोट पुढे आणि ते मागे. पिवळ्यांनी सुरुवातीपासून पांढऱ्यांना त्यांच्याच अर्ध्या भागात कोंडलं, पण गोल होईना. शेवटची काही मिनिटं उरली असताना मधून एक लांब चेंडू आला, पिवळ्यांचा एक उंच पोरगा त्याच्यामागे सुटला, आणि चेंडू जाळ्यात.

स्टेडियमभर लोकांनी डोक्याला हात लावले. मग लोकांना दिसलं की लाइन्समनचा झेंडा वर आहे.

मला त्याच्याही आधीचं दिसलं होतं. चेंडू निघाला तेव्हा भावोजी चांगली पंधरा पावलं मागे होते, धापा टाकत, आणि मान मैदानाकडे नव्हतीच. मान साहेब लोकांच्या छताखालच्या खुर्च्यांकडे होती. पोरगा सुटल्याची आरोळी उठली तसा त्यांचा हात वर गेला. मैदानाकडे तोंड त्यानंतर वळलं.

रेफरी लांब टांगांचा परदेशी माणूस होता. तो धावत आला, काहीतरी विचारलं. भावोजींनी मान डोलावली. विचारलेलं समजलं होतं की नाही, देव जाणे. गोल रद्द. पिवळे रडले, ओरडले, एकाने अंगातला सदरा काढून गवतावर आपटला. जादा वेळेत पांढऱ्यांनी एक गोल कसाबसा ढकलला आणि सामना संपला.

संध्याकाळी कालोलेनीने भावोजींना खांद्यावर घेतलं. ढोल, शिट्ट्या, बायकांचे हाकारे. गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं. मग ते माझ्या टपरीच्या मागे हात धुवायला आले. तोंडभर हसत, हळू आवाजात म्हणाले, "रोझलिदा, खरं सांगू? मला काही दिसलंच नाही. मी साहेबांकडे बघत होतो. म्हटलं, करून टाकू वर."

"आणि देवाला काय सांगाल?"

"देव केनियाचाच आहे गं," म्हणाले, आणि ओले हात माझ्या टॉवेलला पुसून गेले.

फायनलला पांढऱ्यांनी आपल्याला हरवलं.

एक गोल, तोही आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून. दुसऱ्या दिवशी सकाळी कालोलेनीत एकच प्रश्न होता, या पांढऱ्यांना फायनलला आणलं कोणी? ज्यांनी खांद्यावर घेतलं होतं, तेच म्हणू लागले की पिवळ्यांना आपण सहज लोळवलं असतं. पिवळे पळतात, पण डोकं नाही त्यांना. आदल्या आठवड्यात याच तोंडांनी प्रार्थना केली होती.

भावोजींच्या दारावर कुजके टोमॅटो बसले. मटाटूच्या कंडक्टरने त्यांना पायरीवरून उतरवलं आणि म्हणाला, "आधी झेंडा वर कर म्हाताऱ्या, मग गाडी थांबवतो." भावोजी धीर गोळा करून म्वाकिओकडे गेले. म्वाकिओने गाडीत बसता बसता पहारेकऱ्याला विचारलं, "हा कोण माणूस आहे?"

मग भावोजींना मलेरिया झाला. म्हणजे ते तसं म्हणाले. पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिले. पेरिस मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकुमाची पालेभाजी उशाशी नेऊन ठेवायची. ताट रिकामं व्हायचं, ताप मात्र उतरत नव्हता.

"बिचारे किती सोसतात," पेरिस म्हणाली.

"जेवण तर चांगलं सोसतंय," मी म्हटलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पिवळ्यांच्या देशाने तक्रार केली होती. मोठ्या लोकांनी त्या सामन्याची फिल्म मागवली आणि ती टीव्हीवरही दाखवली. आमच्या वसाहतीच्या हॉलमधल्या टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. भावोजींची चोरी उघडी पडताना सगळ्यांना बघायची होती, मला तर सगळ्यांत जास्त. लांब चेंडू सुटला, तिथे चित्र थांबवलं.

पिवळा पोरगा शेवटच्या बचावपटूच्याही पुढे होता. थोडाथोडका नाही, अख्खं अंग पुढे. त्याच्यापाशी एकही पांढरा नव्हता. आंधळ्यालाही दिसावा असा ऑफसाइड!

हॉलमध्ये असा ओरडा झाला की पत्रे हलले. लोक भावोजींच्या घराकडे धावले. भावोजी दार उघडून उभे. अंगात सोनेरी बटणांचा निळा कोट, खेळांच्या वेळी मिळालेला. मलेरिया कुठे गेला, कोणीही विचारलं नाही.

पुढच्याच दिवशी पेपरात फोटो आला. पिवळे सोपे पडले असते, तरी देशाच्या लोभापेक्षा नियम मोठा मानणारा माणूस, असं काहीसं खाली लिहिलं होतं. म्वाकिओला नाव आठवलं. गाडी पुन्हा आली, सगळ्यांदेखत हात पुन्हा खांद्यावर पडला. म्वाकिओ म्हणाला, "मी उगाच नाही निवडला याला!" आणि ते मात्र खरंच होतं.

तेव्हापासून भावोजींना दुसरा धंदा मिळाला. शाळांमध्ये भाषणं, चर्चमध्ये साक्ष, लग्नांत मानाची खुर्ची. पहिल्या वर्षी ते सांगायचे, "मी फक्त त्या पोराचा पाय पाहिला." पुढच्या वर्षी त्यांनी पाय, छाती आणि शेवटच्या बचावपटूची टाच एकदम पाहिली. मग गोष्टीत गाडी आली. एक मोठा माणूस गाडीतून आला, म्हणाला, पिवळ्यांना अडव. "मी त्याला सांगितलं, साहेब, माझा झेंडा विकाऊ नाही, ऑफसाइड असेल तरच वर जाईल. तो चपाती अर्धी टाकून निघून गेला. विचारा, विचारा माझ्या मेहुणीला!"

म्वाकिओने त्या दिवशी तीन चपात्या खाल्ल्या होत्या आणि राजमा पुन्हा मागून घेतला होता.

पण मी काय बोलणार? पेरिसने माझे हात धरून सांगितलं होतं, "रोझलिदा, आयुष्यात पहिल्यांदा लोक मला आधी नमस्कार करतात. नको ना गं." म्हणून लोक माझ्याकडे बघायचे तेव्हा मी तव्याकडे बघायचे. ते माझं मौन होकार धरायचे.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण काही वर्षांनी आमच्या घरांमागच्या मोकळ्या मैदानावर कुणा पैसेवाल्याची नजर गेली. गोदाम बांधायचं होतं त्याला. तिथे कालोलेनीची तीन पिढ्यांची पोरं खेळलेली. लोक चिडले, टायर जाळायला निघाले. तेवढ्यात कुणालातरी सुचलं की आधी लिहांडांना बोलायला पाठवू. तो माणूस वाकायचा नाही.

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"का?"

"भावोजींचे गुडघे दुखतात."

सगळे हसले. भावोजी निळा कोट घालून गेले आणि परतले ते त्या पैसेवाल्याच्या गाडीतून. हॉलमध्ये उभं राहून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी नकाशा पाहिला. जमीन त्यांचीच आहे. कटू आहे, पण खरं आहे."

मी मागून विचारलं, "तुम्हाला नकाशा वाचता येतो?"

"त्यांनी बोट ठेवून दाखवलं."

दुसरं कुणी असं म्हणालं असतं, तर त्याला हॉलच्या खिडकीतून बाहेर फेकला असता. पण लिहांडा म्हणाले! लोक माना खाली घालून घरी गेले. भिंत उभी राहिली. जमीन वसाहतीचीच होती, हे नंतर एका वकिलाने सांगितलं, तोवर गोदामावर छप्पर चढलं होतं. लोकांनी वकिलाला नावं ठेवली. लिहांडांनाही फसवलं बघा त्या चोरांनी, म्हणाले. इतक्या सरळ माणसाला!

त्या दिवशी मात्र मी टपरी बंद केली आणि पेरिस बाजारात गेलेली बघून भावोजींच्या घरी गेले. ते खुर्चीत रेडिओ ऐकत होते.

"भावोजी, रेडिओ बंद करा. म्वाकिओ माझ्या टपरीत आला होता, आठवतं?"

"आठवतं तर! मी त्याला परत पाठवला."

"तुम्ही त्याची खुर्ची पुसलीत. आणि सामन्यानंतर हात धुताना मला म्हणालात, मला काही दिसलंच नाही."

भावोजींनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखते. खोटं बोलताना त्यांचा डावा हात कॉलरकडे जातो. तो मांडीवर स्वस्थ होता.

"रोझलिदा," ते अगदी मऊपणे म्हणाले, "मी असं म्हणेन? मी? तू तिथेच होतीस. तू स्वतः पाहिलंस मी काय केलं ते." मग त्यांना माझी काळजी वाटू लागली. "उन्हात फार उभी राहतेस तू. पाणी देऊ का?"

ते नाटक करत नव्हते. हा माणूस घाबरट होता, हुजऱ्या होता, आणि मी त्याला निदान लबाड तरी धरून होते. आता तेवढाही तो राहिला नव्हता. समोर बसलेल्या या म्हाताऱ्याने खरोखरच कधी चुकीचा झेंडा वर केला नव्हता. मी भांडायला गेले होते, आणि तिथे भांडायला कुणी नव्हतंच. मी पाणी प्यायले आणि निघाले.

गेल्या रविवारी चर्चमध्ये तरुणांसाठी त्यांचं भाषण होतं. पेरिसने निळ्या कोटाला इस्त्री केली, सोनेरी बटणं लिंबाने घासली आणि मला बोलवायला आली. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक नव्हतं. गोदामाची भिंत झाल्यापासून पोरं माझ्या टपरीसमोरच्या चिंचोळ्या गल्लीत खेळतात. चेंडू येऊन चहाच्या पातेल्यावर आदळला, अर्धा चहा निखाऱ्यांवर सांडला. मी त्यांच्या आई-बापांचा उद्धार केला, चेंडू फडक्याने पुसला आणि परत फेकला.