चांदीच्या काचा

सेगेड शहरातल्या प्रयोगशाळेत पिरोश्का काचा बनवायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या मण्यांचा एकच थर पाण्यावर पसरायचा, खालून काच अलगद वर आणत तो उचलायचा, निर्वात भांड्यात त्यावर चांदीची वाफ बसवायची आणि मणी काढून टाकायचे. मागे उरायची फटींतली चांदी, अतिसूक्ष्म त्रिकोणांची नक्षी. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवून लेसर सोडला, की पाण्यातलं विष आलेखावर टोक काढायचं. थर फाटू न देणारा हात तिथं एकट्या पिरोश्काचा.

चार वर्षं तिच्या काचांवर गावोगावचं पाणी तपासलं गेलं. स्वतःच्या भावाच्या अंगणातल्या हातपंपाचं तपासावं, हे तिला सुचलंच नाही. त्या उन्हाळ्यात बेनेदेकचा हात हातात घेतला, तेव्हा तळव्याला खरखरीत गाठी लागल्या.

"फावड्याचे घट्टे गं."

"दादा, फावडं सोडून तुला सहा वर्षं झाली."

विषारी पाण्याच्या गावांतल्या अशाच तळव्यांचे फोटो तिने प्रयोगशाळेत पाहिले होते. तिने पंपाच्या पाण्याची बाटली भरून नेली. संशोधक एमोकेने आलेख पाहिला, काच बदलली, पुन्हा पाहिला. "कुठलं पाणी हे? आर्सेनिक मर्यादेच्या सहापट आहे."

"आमच्या घरचं."

बेनेदेक हसला. "बाप ऐंशी वर्षं हेच प्यायला. तुझ्या काचेला म्हणावं, जा, त्याला विचार."

तिने त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं. मूत्राशयात गाठ निघाली, पसरलेली. शेवटच्या आठवड्यात त्याने विचारलं, "चार वर्षांपूर्वी कळलं असतं का गं हे?"

तिला खोटं बोलवेना. "असतं."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ऑक्टोबरात तो गेला.

दफनानंतर वहिनी तेर्का कोंबडीचं सूप वाढायला लागली. नातवंडं आधीच बसली होती.

"वहिनी, पाणी कुठलं?"

"पंपाचंच. तासभर उकळलंय."

"उकळून जात नाही ते. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं."

"आजच्या दिवशी तरी तुझी प्रयोगशाळा बाहेर ठेव!"

पिरोश्काने पोरांच्या पुढ्यातल्या वाट्या ओढल्या, पातेलं उचललं आणि अंगणात ओतून दिलं.

तेर्काने तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. तेर्काच्या सुनेने मात्र पंप उखडायला लावला, एवढं शेजारणीकडून कळलं. कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी पिरोश्काच्या हातून तीन थर फाटले. एमोकेने नवी काच पुढे केली.