ब्रेक खलास!

दोह्याच्या विमानतळावर दादा मला घ्यायला आला तेव्हा त्याच्या नखांत ग्रीस होतं. आयुष्यभर गॅसच्या प्लांटवर इस्त्रीच्या शर्टात साहेबकी केलेला माझा भाऊ निवृत्तीच्या तोंडावर मेकॅनिक झाला होता. "चल, आधी गाडी बघ," तो म्हणाला. मी म्हटलं, "आधी चहा."

रस्त्याकडेला करक (दुधात दाट उकळलेला वेलचीचा चहा) मिळाला. आम्हा नाशिककरांना चहात खोट काढायची खोड. इथे काही जमलं नाही.

अल थुमामातल्या त्याच्या घरापुढे ती उभी होती. दोघांपुरती, बिनछपराची, जुन्या वळणाची हिरवी स्पोर्ट्स कार. सांगाडा भंगारातला, इंजिन भलत्याच गाडीचं, पत्रा दादाने स्वतः ठोकलेला. दिसायला नवरी, पण ब्रेक दाबला की डावीकडे पळायची. सरकारी तपासणीत त्यावरच नापास झाली होती. आणि महिनाअखेरीस दादा-वहिनी कायमचे नाशिकला निघणार होते. त्याआधी वहिनीला शेजारी बसवून उत्तरेच्या समुद्रापर्यंत जायचं, एवढा एकच दादाचा हट्ट.

वहिनी इथल्या हॉस्पिटलात अपघात विभागात नर्स. "ब्रेक सरळ लागल्याशिवाय मी त्यात पाय ठेवणार नाही," ती म्हणाली. "न थांबलेली माणसं मी रोज बघते."

दादाने पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून मोठे डिस्क ब्रेक बसवायचं ठरवलं. गाडी इंडस्ट्रियल एरियात केरळच्या युसूफभाईंच्या गॅरेजात गेली. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला पेडलवर एक माणूस लागतो. पाहुणी रिकामीच होती.

"दीदी, दबाओ... पकडो... छोडो!"

तासभर तेच. कतार बघायला आले होते की शिलाई मशीन चालवायला, कळेना. तरी पेडल मऊच, म्हणजे हवा आतच. "कल हो जायेगा, इन्शाल्ला," युसूफभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दादाच्या रोजच्या गाडीतून आम्ही तिघं अल मन्सूराला मेथी आणायला निघालो. फोन वाजला. दादा चालवत होता, म्हणून मी घेतला. "दीदी, ब्रेक खलास!" एवढं बोलून युसूफभाईंनी ठेवूनही दिला.

"काय म्हणाले?"

"ब्रेक गेले, दादा. कायमचे."

दादाने गाडी कडेला घेतली. "राहू दे. भंगारात देऊन टाकू." मला फार वाईट वाटलं, त्याला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"राहू दे कशाला?" वहिनी मागून कडाडली. "इतके सुट्टीचे शुक्रवार एकटीने जेवले मी, ते भंगारासाठी? फिरवा गाडी."

गॅरेजात युसूफभाई हसत उभे. "अरे, खलास बोला ना! मतलब काम हो गया!"

वहिनीने माझ्याकडे वळून विचारलं, "वन्सं, युसूफभाई 'गेले' म्हणाले की 'खलास' म्हणाले?"

"खलासच की! आपल्याकडे माणूस मेला की म्हणतात!"

"इथे काम झालं की म्हणतात. संपलं तरी तेच आणि पुरे म्हणायचं तरी तेच."

दादा इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग मोकळ्या मैदानात वहिनीने परीक्षा घेतली. "स्टिअरिंग सोडा, आणि दाबा ब्रेक." गाडी नाकासमोर थांबली. त्याच आठवड्यात सरकारी तपासणीतही गाडी पास झाली.

शुक्रवारी सकाळी आम्ही उत्तरेच्या समुद्राकाठच्या मदिनत अश शमालला निघालो. ते दोघं हिरव्या गाडीतून पुढे आणि हत्यारं घेऊन मी युसूफभाईंच्या पिकअपमधून मागे. दोन्हीकडे सपाट, फिकट वाळवंट, डोंगराचं नाव नाही. मी आपली वहिनीकडे बघत होते. त्यांच्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे लागले की तिचा हात झटकन डॅशबोर्डवर जायचा. समुद्रापाशी दोघांनी पावात भरलेली मेथीची भाजी खाल्ली, मलाही दिली. परतताना तिचा हात एकदाही डॅशबोर्डवर गेला नाही.

मी नाशिकला परतले. प्रवासात काय पाहिलं असं कुणी विचारलं की मी तो हात सांगते. महिनाअखेरीस दादाचा फोन आला.

"गाडी युसूफभाईंना दिली. खलास."

"कुठल्या भाषेत?" मी विचारलं.

"दोन्ही."