दहा पुरे

ओडिल मेतोये ही कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली बाई. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या लहानशा गावात, शाळेच्या स्वयंपाकघरात तिची एकवीस वर्षं गेली. सोमवारी राजमा-भात, शुक्रवारी मासे, आणि रोज पोरांच्या तक्रारी. निकाल ठरवणाऱ्या बारा जणांच्या ज्युरीत बसायचं कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा तिला घाम फुटला, पण अभिमानही वाटला. तिची आई त्या कोर्टात जायची ती फरशी पुसायला. ओडिल तिथं निवाडा करायला बसणार होती.

खटला खुनाचा. आरोपी लुसियन, वय एकोणीस. साक्षीदार एकच, आणि त्यानं पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मारेकऱ्याला सोन्याचा दात होता. लुसियनच्या वकिलानं त्याला तोंड उघडायला लावलं. बाराही जणांनी वाकून पाहिलं. दात सगळे पांढरे. सरकारी वकील म्हणाले, असे दात वरून चढवता येतात, काढताही येतात. येत असतील! पण तो दात सापडला कुठे होता? ओडिलला ते काही केल्या पटेना. दोषी ठरला तर पोरगा मरेपर्यंत तुरुंगात. तिनं मनाशी ठरवलं, सगळे एका बाजूला गेले तरी आपण हलायचं नाही. एक जण अडला की सगळी ज्युरी अडते, हे तिनं टीव्हीवर शंभरदा पाहिलं होतं. न्यायाधीशांनी पाऊण तास एकसुरी आवाजात सूचना वाचल्या. त्यांतलं एक वाक्य तिच्या कानांतून निसटलं, आणि घात त्यानंच केला.

बंद खोलीत टायरच्या दुकानवाल्या गिड्रीला प्रमुख केलं. त्यानं चिठ्ठ्या मोजल्या. दहा म्हणत होत्या दोषी. दोन निर्दोष, एक ओडिलची आणि एक झिंगे पकडणाऱ्या म्हाताऱ्या अल्सीदची.

"माझं ऐका जरा," ओडिल उठली. "त्या दाताचं काय?"

"बसा हो, मिस ओडिल. दहा झाले. दहा पुरे."

"पुरे कसे? आम्ही दोघं नाही म्हणतोय की!"

"म्हणा ना, कोण अडवतंय? न्यायाधीशांनी वाचलं तेव्हा झोपला होतात का? या राज्यात बारातले दहा चालतात."

"मग आम्हाला बोलावलं कशाला?" अल्सीद म्हणाला. "खुर्च्या उबवायला?"

दोघंतिघं हसले. ओडिलनं गिड्रीची बाही धरली. "दहा मिनिटं द्या. तुमच्या पाया पडते. पोराचं अख्खं आयुष्य आहे हो!" त्यानं हळूच तिची बोटं सोडवली आणि निकाल झाला म्हणून दार ठोठावलं.

कोर्टात प्रत्येकाला कागद मिळाला: हा निकाल तुमचा आहे का? ओडिलनं इतक्या जोरानं 'नाही' लिहिलं की कागद फाटला. कारकुनानं मोजून सांगितलं, दहा विरुद्ध दोन. निकाल कायदेशीर आहे, न्यायाधीश म्हणाले. कागद लिफाफ्यात सीलबंद झाले, ते दोघं कोण हे कुणी वाचलं नाही. लुसियनची आई सेलेस्तीन बाराही जणांकडे एकाच नजरेनं पाहत होती.

त्या नजरेनं ओडिलची झोप उडाली. तिनं चर्च सोडलं, बाजार बदलला. हातची चव गेली. चौदा महिने कसेबसे काढले आणि एका दुपारी पातेलंभर गम्बोचा रस्सा घेऊन ती सेलेस्तीनच्या दारात उभी राहिली. आत जाण्याइतकाही धीर नव्हता.

"मी 'नाही' लिहिलं होतं, मिस सेलेस्तीन. देवाशप्पथ! त्या दोघांतली एक मी."

सेलेस्तीन चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"दोघंच होते ना?"

"हो, दोघंच."

"मग तुम्ही पाचव्या. याआधी ज्युरीतले चौघं येऊन गेले. चौघांनीही 'नाही'च लिहिलं होतं म्हणे. एक तर इथंच बसून ढसाढसा रडला."

ओडिलनं पातेलं छातीशी घट्ट धरलं.

"पातेलं ठेवा तिथं," सेलेस्तीन म्हणाली. "बाकीच्यांचीही तिथंच आहेत."