लाल ग्रहाची राणी शीळफाट्याजवळ राहते

आमच्या फिल्ममधलं अंतराळयान म्हणजे माझ्या सासूबाईंचं इडलीपात्र आहे, हे मी आधीच सांगून टाकते. लोकांना ते पहिल्याच मिनिटाला ओळखू येतं आणि मग मोठी चोरी पकडल्याच्या थाटात ते मला सांगायला येतात. अहो, माहितीये मला! पडद्याच्या दोरीला बांधून मीच हलवलंय ते. इडल्यांना त्या महिन्यात सुट्टी होती, आणि त्यावरून घरात जे ऐकून घेतलं तेही मीच.

तर आधी हे सगळं कशासाठी, ते सांगते. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी मालिका डब होऊन यायची. एका कॅप्टनचं यान भरकटतं आणि तो घरी परतायचा रस्ता शोधत ग्रहामागून ग्रह पालथे घालतो. शेवटी तो लाल ग्रहावर उतरतो, तिथल्या राणीच्या दारात जाऊन उभा राहतो, राणी बोलायला तोंड उघडते आणि भाग संपतो. पुढच्या रविवारी मी आंघोळ करून, वेणी घालून टीव्हीसमोर बसले, तर त्या वेळेला केसाच्या तेलाची जाहिरात चालू. अर्धा तास तेल! मालिका कायमची बंद झाली होती. मी टीव्हीला चप्पल फेकून मारली आणि आईचा मार खाल्ला. मार विसरले, पण राणी काय बोलली असेल हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

असे आणखी बरेच येडे जगात आहेत हे मोठेपणी इंटरनेटवर कळलं. आमचा एक ग्रुपच आहे. त्यात कॅप्टनच्या बुटांच्या रंगावरून भांडणं होतात. शेवटी आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तिघा दोस्तांनी ठरवलं, की राहिलेला भाग आपणच करायचा. चाहत्यांची हौसेची फिल्म, घरच्या घरी, असेल त्या सामानात. मी लिहिणार आणि दिग्दर्शन करणार, म्हणजे ओरडणार. घोडबंदर रोडला राहणाऱ्या दोस्ताकडे चांगला कॅमेरा होता, तो शूटिंग करणार. आणि तिसरा आमचा कॅप्टन.

या कॅप्टनबद्दल थोडं सांगायला हवं. तो शीळफाट्याजवळच्या एका गावातला, घरी बोली आगरी. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात त्याने उभं राहून सरांना सांगितलं, "सर, मना कलला नाय." मला कळलं नाही, एवढंच म्हणायचं होतं त्याला. वर्ग हसला. नुसता हसला असता तर ठीक होतं, पण पुढे वर्षभर पोरं त्याला 'मना' म्हणूनच हाक मारायची. तेव्हापासून हा माणूस असं काही शुद्ध बोलायला लागला की विचारू नका. आम्ही आपले डोंबिवलीचे, "मी गेलेलो, तो आलेला" असं बोलणारे. तर हा आम्हाला थांबवून सांगणार, "गेलो होतो म्हण, आला होता म्हण." घरून आईचा फोन आला की तो कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलायचा. आम्ही पाठीमागून जाऊन ऐकायचा प्रयत्न केला तर फोनच कट करायचा.

शूटिंगसाठी जागा मात्र त्याच्याच गावची मिळाली. गावामागे डोंगर पोखरलेली एक बंद खदाण आहे. उभे कडे, खाली दगडच दगड, झाडाचं नाव नाही. दगड काळे होते, पण कॅमेऱ्यासमोर जिलेटीनचा लाल कागद धरला की झाला लाल ग्रह. ग्रहावरचा समुद्र आम्ही आधीच खडवलीच्या नदीवर उरकला होता, त्यात एक म्हैस आली आहे ती आम्ही जलचर म्हणून ठेवली.

राणीचं काम करायला कॅमेरेवाल्याच्या ऑफिसातली एक मुलगी येणार होती. नाटकात काम केलेली, आवाज भारदस्त. कॅमेरेवाला बाईकवरून वेळेत पोचला, ही गाडीने निघाली आणि घोडबंदरला अडकली. दर फोनला तिचं उत्तर तेच, "अगं, गायमुखलाच आहे अजून." मे महिन्याचं ऊन, खदाणीत वारा नाही, आमचा कॅप्टन चंदेरी रेनकोट घालून सकाळपासून उभा. माझा पारा कुठवर चढला असेल ते समजून घ्या. तेवढ्यात कॅप्टनची आई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, सगळ्यांना पुरेल एवढं.

मी तिच्याकडे बघितलं. उंच बाई, ताठ चाल, दगडांवरून पाटी न धरता चालत आलेली. मी म्हटलं, "काकू, राणी व्हाल?"

"नको, ती नको," कॅप्टन घाईने म्हणाला.

"कला नको?" का नको म्हणून काकूंनी पाटी उतरवून विचारलं. "राणी हाय तं बरीच हाय की!"

गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात तो चकाकता पडदा तिच्या खांद्यावर टाकला. डोक्याला स्टीलची चाळण, चाळणीत दोन स्ट्रॉ. आवाज नंतर त्या नाटकवालीचा टाकायचा असल्यामुळे काकूंनी नुसतं तोंड हलवलं तरी चालणार होतं. तरी मी त्यांना वाक्य पाठ करून दिलं, "पृथ्वीवासीयांनो, आल्या पावली परत जा!"

कॅमेरा चालू झाला. राणी समोर आली. समोर पृथ्वीवासीय घामाने निथळत उभा, ओठ सुकलेले. राणीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलाव क?"

म्हणजे, जेवलात का? मी ओरडले, "कट! काकू, राणी रागावलीये!"

"पन तो कवरे लांबशी आयलाय!" काकू म्हणाल्या. "पावन्यांना जा कसा बोलाचा?"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. दारात आलेल्याला 'जा' म्हणायला त्यांची जीभच वळेना. शेवटी कॅमेरेवाला माझ्या कानात म्हणाला, "बोलू दे यार त्यांना काय बोलायचं ते, आवाज तर बदलायचाच आहे." मग राणी मोकळी सुटली. पाहुण्याला पाणी कुठे आहे ते सांगितलं, तू कुणाचा, इथे आलायस हे तुझ्या आयसला, म्हणजे आईला, तरी ठाऊक आहे का म्हणून विचारलं, आणि पाटीतली भाकरी काढून हातात दिली. कॅप्टनला खरंच भूक लागली होती. तो डायलॉग विसरून दगडावर बसला आणि खाऊ लागला.

डोंबिवलीला माझ्या घरी एडिटिंगला बसलो तेव्हा मी ते सगळं आवाजासकट ऐकलं. इतकी वर्षं मी स्वतःशी राणीची नाही नाही ती भाषणं लिहिली होती, आणि त्यातलं एकही याच्या जवळपास जात नव्हतं. घर हरवलेला माणूस दारात आल्यावर राणी दुसरं काय विचारणार? मी म्हटलं, "हाच आवाज ठेवायचा."

"काढ," कॅप्टन म्हणाला.

"अरे पण का?"

"लोक हसतील. तुमच्यावर कुणी कधी हसलंय का असं? माझ्यावर हसले ते मी सहन केलं. तिच्यावर हसलेलं मला चालणार नाही."

मी तरी भांडतच राहिले. त्या नाटकवालीने बिचारीने ट्रॅफिकबद्दल माफी मागून 'परत जा' घुमवून रेकॉर्ड करून पाठवलंही होतं. शेवटी तोड निघाली. फिल्मच्या दोन प्रती करायच्या. पहिला खेळ काकूंच्या आवाजातल्या प्रतीचा. लोक काकूंवर हसले तर ती प्रत पुसायची आणि दुसरी जगासमोर ठेवायची. निर्णय कॅप्टनचा, आम्ही चकार शब्द काढायचा नाही. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या गावात सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या की मी राणी झालेय, डोंबिवलीला बघायला चला.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी खेळ ठेवला. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर. बिल्डिंगमधले शेजारी आले, ग्रुपमधले चाहते ठाण्याहून, कल्याणहून आले, आणि गावाहून एक टेम्पो भरून आला. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, गजरा माळून पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. कॅप्टन माझ्या शेजारी मागे भिंतीला टेकून उभा.

यान आलं. "अगं ते इडलीपात्र!" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ओरडल्या आणि हॉल खदखदला. आकाशात पडद्याची दोरी दिसली, हसले. यान सुटताना मी कुकरची शिट्टी वापरली होती, तर कुणीतरी म्हणालं, "डाळ झाली वाटतं." म्हैस आली तेव्हा तर टाळ्याच. मला मनापासून राग येत होता. महिनाभर झोप सोडून मी हे केलं होतं, आणि ही माणसं विनोदी पिक्चर बघायला आल्यासारखी बसली होती. पण मला खरी भीती पुढची होती.

लाल ग्रह आला. चाळण घातलेली राणी आली. हॉलमध्ये आधीच खसखस चालू होती. राणीने पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलाव क?"

हॉल असा हसला की पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. कॅप्टनने मान खाली घातली. "झालं," तो मला म्हणाला. "काढायचा आवाज." मी मान हलवली. ठरलं होतं तसंच होतं, काय बोलणार? पहिल्या रांगेत काकू मागे वळून हसणाऱ्यांकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मला अंधारात नीट दिसत नव्हता.

पण राणी बोलतच होती. आणि हळूहळू हसणं कमी झालं. तू कुणाचा, तुझ्या आयसला ठाऊक आहे का, हे आलं तेव्हा कुणी हसलं नाही. कॅप्टन दगडावर बसून भाकरी खायला लागला तेव्हा एवढी शांतता झाली की पंख्यांचा आवाज यायला लागला. यान म्हणजे इडलीपात्र ओळखणाऱ्या त्या वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "बिचारा किती दिवसांचा उपाशी असेल हो." फिल्म संपली, दिवे लागले, टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या. मी हळूच कॅप्टनकडे बघितलं. अजून त्याचं ठरत नव्हतं.

मग आम्ही तिघं पुढे जाऊन उभे राहिलो आणि मी हौसेने विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? कल्याणहून आलेले एक काका उठले. आमच्या ग्रुपमधले सर्वांत कट्टर, मालिकेचे सगळे भाग तोंडपाठ. माणूस सज्जन आहे, वाईट मनाने बोलले नाहीत. म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. पण राणीची भाषा खटकली. एका ग्रहाची राणी अशी बोलणार नाही. तिला शोभेल अशी भाषा हवी होती."

टेम्पोतून आलेली सगळी माणसं कॅप्टनकडे बघायला लागली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, जीभ शिवशिवत होती, काकांची पार सालं काढणार होते. तेवढ्यात कॅप्टनने माझ्या हातातून माइक घेतला. मला वाटलं, आता हा माफी मागणार आणि दुसऱ्या प्रतीबद्दल सांगून टाकणार.

"काका," तो त्याच्या नेहमीच्या स्वच्छ, कॉलेजात कमावलेल्या मराठीत म्हणाला, "राणी अशी बोलते, कारण ती... ती माझी आई आहे."

"आई नाय रं!" पहिल्या रांगेतून काकूंचा खणखणीत आवाज आला. "आयस बोल!"

सगळा हॉल फुटला. काका हसले, टेम्पोवाले हसले, आणि आमचा कॅप्टनही हसायला लागला. मला त्याला इतकं मोकळं हसताना कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. मी मात्र सगळ्यांसमोर रडत होते. त्याने डोळे पुसले, माइक तोंडाजवळ धरला आणि घरच्या बोलीत, भर सभेत, पहिल्यांदा बोलला.

"ही माजी आयस. आनी ती अशीच बोलतं."