टेबलावरचा दगड

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवू नये असं वाटतं. कारण तिचा पुरावा अकरा दिवस माझ्याच टेबलावर, चहाच्या कपाशेजारी पडून होता.

आयटी कंपन्यांच्या इमारती धडाधड उठत होत्या तो काळ. आमच्या हद्दीत अशाच एका इमारतीच्या तळघराचा खड्डा खचला. दोन मजूर गाडले गेले. त्यातला एक मुकादमाचा धाकटा भाऊ. संध्याकाळी ठाण्यात फोन आला. "मुकादमाने आधाराची लाकडं काढून विकली. आपण चौकशी करावी." नाव सांगितलं नाही, पण मराठी इतकं स्वच्छ की शंका घ्यायचा मलाच संकोच वाटला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवून मुकादमाला आत घेतलं.

चौकशीत तो एकच सांगे, "सायेब, तिथं कातळ न्हाई. समदा ठिसूळ मुरूम हाय. इंजिनिअर सायबाला बोललो व्हतो मी."

"तू भूगर्भशास्त्रज्ञ कधीपासून झालास?" मी विचारलं, आणि स्वतःच्या विनोदावर हसलोही. खड्ड्याच्या जागी बोअर मारून काढलेले नमुने इंजिनिअरने पेटीसकट ठाण्यात पाठवून दिले होते. सगळा टणक काळा कातळ. त्यातला पांढऱ्या स्फटिकांचा, वरवंट्यासारखा गोल तुकडा मला आवडला. तो उचलून मी कागदांवर ठेवला.

हवालदार म्हणाले, "साहेब, तो मुद्देमाल आहे."

"असू द्या. ठाण्यातच आहे ना?"

दहाव्या दिवशी मुकादमाने हात जोडले. भावाच्या दहाव्याला जाऊ द्या म्हणाला. बंदोबस्तात नेता आलं असतं. मी नाही म्हणालो.

अकराव्या दिवशी बोअर मारणारा मिस्त्री जबाबाला आला. टेबलावरचा दगड त्याने हातात फिरवला. "साहेब, हा वाघोलीच्या खाणीजवळचा. तिथलं बोअर मीच मारलंय. तुमच्या खड्ड्यात तीस फुटांपर्यंत मुरूमच लागला होता."

पेटी बदलली होती. मुरूम दाखवला असता तर आधी बाजूंना भिंत बांधावी लागली असती आणि काम महिनोन्महिने लांबलं असतं. इंजिनिअरला बोलावून दगड पुढे ठेवला. तो म्हणाला, "आपण समजून घ्यावं." तो फोनवरचाच आवाज होता.

माणूस कसा बोलतो यावरून तो किती खरा, हे मी ठरवलं होतं. त्यानंतर नोकरीभर स्वच्छ मराठीची मला धास्तीच बसली.

न्यायालयात अहवाल देऊन मुकादमाला सोडवलं. "तू पहिल्याच दिवशी खरं सांगितलंस," मी म्हणालो.

"व्हय. तुमी लिवून घेतलंत की."

तो गेल्यावर मी त्याचा जबाब शोधला. फार शोधावं लागलं नाही. माझ्याच अक्षरात, टेबलावर, त्या दगडाखाली होता.