आरोळीची शिकवणी

आयुष्यभर मला सगळ्यांनी एकच सांगितलं, बाई, जरा हळू बोल. नवऱ्याने सांगितलं, सुनेने सांगितलं, बँकेतल्या साहेबाने तर हात जोडून सांगितलं. त्यामुळे बचत गटाच्या ताई नरपडला घरी येऊन "मावशी, तलासरीच्या आमच्या बायकांना ओरडायला शिकवाल का?" म्हणाल्या, तेव्हा वाटलं, या माझी फिरकी घेतायत.

फिरकी नव्हती. तिथल्या पाड्यांवरच्या या बायका बांबूच्या टोपल्या अशा सुरेख विणायच्या की बघत राहावं. पण डहाणू रोडला विकायला बसल्या की मुक्या. माझा उभा जन्म मासळी विकण्यात गेलेला. पुढे गेलेलं गिऱ्हाईक हाक मारून मागे कसं आणायचं, ते त्यांना शिकवायला बसले. हळूहळू सगळ्या शिकल्या, एक सोडून.

ती लहानखुरी, दोन लेकरांची आई. तोंड उघडायची, पण आवाज फुटेल तर शपथ. मी चिडायचे, "अगं बाय, टोपली काय स्वतः बोलणार आहे?" ती नुसती हसायची. त्या हसण्यापुढे माझा राग टिकायचा नाही, हीच पंचाईत. दरवर्षी दिवाळी झाली की ते घर वीटभट्टीवर कामाला जायचं आणि पोरांची शाळा सुटायची. यंदा टोपल्यांवर घर चाललं तर जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. हेही मला कानात सांगितलं. तेव्हापासून मी हात धुऊन तिच्या मागे लागले.

दिवाळीच्या तोंडावर स्टेशनजवळ आम्ही दोघी टोपल्या मांडून बसलो. एक चिकूवाला दुकानदार थांबला. चिकू भरून भेट द्यायला त्याला टोपल्या हव्या होत्या, थेट उन्हाळ्यापर्यंत. त्याने भाव पाडायला घेतला, "आटला बधा, एवढ्या सगळ्या घेणार, तर कमी करा ने." आणि मी पाडू दिला. मनात एकच, हा जाता कामा नये. शेवटी म्हटलं, "घ्या शेट, तुमचंच खरं."

"नाय."

कोण बोललं ते मला आधी कळेना. ही उभी राहिली होती. "मावशी, टोपली माझी हाय. त्या भावात माझी भट्टीच बरी."

समोरचा भजीवालाही वळून बघायला लागला. मी तर अशी संतापले, वाटलं, हिने हातचं घालवलं. शिवी ओठांवर आली होती. शेट टोपली उलटीसुलटी करून बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, तुझा भाव."

तो गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, "मावशी, रागावलात?" मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिला जवळ ओढलं. एवढा जीव मी माझ्या सुनेला लावला नाही, खरं सांगते.

तरी दिवाळी सरली तशी मला धाकधूक. भट्टीवाल्या मुकादमाकडून तिच्या नवऱ्याने आधीच उचल घेतली असेल आणि ती फेडायला जावं लागलं तर? न राहवून एसटी पकडली आणि तिचा पाडा गाठला. शेजारच्या घरांना कुलपं होती. तिच्या अंगणात बांबूच्या पट्ट्या पसरलेल्या, नवरा पट्ट्या तासत होता, ती विणत होती.

"पोरं कुठायत गं?"

"शाळेत," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. तिच्या नवऱ्याला वाटलं, माझ्याकडे काही वाईट झालंय. तो बिचारा पाणी आणायला धावला.